घरच्या माणसाची पाठ

राजधानीतल्या हिमायतनगरच्या गल्लीत किशनरावांच्या दारी नागोराव पहिल्यांदा आला तो मान वाकडी धरून. दार उघडलं त्यांच्या मुलीनं, जयवंतानं. मान वर करता येईना, म्हणून त्याला आधी तिची पैंजणं दिसली... आणि नजर तिथेच राहिली.

"दुखणं मानेचं आहे की डोळ्यांचं?" तिनं विचारलं.

"आत्तापर्यंत मानेचंच होतं—"

किशनराव मालिश करून तुंबड्या लावत. पुरुषांची पाठ त्यांच्याकडे, बायकांची आतल्या खोलीत पत्नी विठाबाईंकडे. बाईनं परक्या पुरुषाच्या पाठीला हात लावायचा नाही, ही घरची रीत. जयवंता आईच्या हाताखाली सगळं शिकली होती, पण बाहेर ती फक्त कापसाचे बोळे पेटवून वडलांना देई. पेटता बोळा पेल्यात फिरवून काढायचा नि पेला पाठीवर टेकवायचा. कातडी आत ओढली जाते, पेला चिकटून बसतो.

नागोरावची मान एका खेपेत सुटली. तरी तो दर रविवारी हजर! कधी खांदा, कधी कंबर. बाकड्यावर पालथा पडून समोरच्या पावलांशी गप्पा.

"आज पैंजणं नाहीत?"

"एक तुटलं."

"हौ? तरीच कंबर दुखायली."

जयवंता हसू दाबी. खरी गाठ असली की तुंबडीखाली काळंनिळं उठतं. याच्या कंबरेवर नुसता गुलाबी ठसा. सचिवालयातला कारकून, पण पाठीला खोटं बोलता येत नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तो जरा जास्तच कण्हे. किशनराव बघत आणि पुढचा पेला टेकवत.

मग राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबईकडे गेला, कचेऱ्यांतले कागद निम्मे इथे, निम्मे तिथे बांधले जाऊ लागले. दोन रविवार नागोराव आलाच नाही. जयवंताला आधी राग आला, मग काळजी वाटली. तो तिला हवा होता, सरळ गोष्ट होती.

तिसऱ्या रविवारी आला तो मुकाट्यानं पालथा झाला. पेल्यांच्या काचेतून दिसलं, पाठ जांभळी पडत होती.

"आज खरं दुखणं आणलं," किशनराव म्हणाले.

"गठ्ठे उचलून उचलून, मामा."

"आठ दिवसांनी परत लावावी लागंल."

"तवर मी औरंगाबादेत असंन. माझं नाव तिकडच्या कचेरीत गेलं."

जयवंताच्या चिमट्यातला बोळा जळून विझला.

"तिकडं कोण लावणार?" ती वडलांकडे वळली. "दादा... मला येते की तुंबडी लावायला."

किशनरावांनी वळून पाहिलं. "परक्या पुरुषाच्या पाठीला बाई हात लावत नाही, जयवंता."

नागोराव ताडकन उठायला गेला. पाठीवरचे पेले एकमेकांवर खणखणले. नाइलाजानं तो तसाच, तिच्या पावलांकडे बघत बोलला, "मग परका ठेवू नका ना, मामा."

आतल्या खोलीत विठाबाईंच्या बांगड्या थांबल्या.

"इतके दिवस कंबर दुखायली म्हणून खोटं काहून बोललात?" किशनरावांनी विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर बाकड्यावर झोपू दिलं असतं का?"

किशनरावांच्या मिशीत काहीतरी हललं. "गाडीत बसायच्या आधी वडलांना घेऊन या," ते म्हणाले आणि बाकड्यापासून दूर झाले. "जयवंता, पेले तू काढ."

तिनं पहिल्या पेल्याच्या काठाशी बोट दाबलं. हवा शिरली, पेला सुटला. कातडी गरम होती. बोट जरा जास्तच वेळ तिथे राहिलं, आणि आत विठाबाईंच्या बांगड्या पुन्हा वाजू लागल्या.