बाईंना बोलू द्या

वकीलसाहेबांचं वाक्य संपेपर्यंत माझ्या हातातला चहा गार झाला.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर ते बसले होते आणि त्यांच्याशेजारी त्यांच्या अशील, म्हणजे माझ्या पेशंट – शिवणाच्या बाई. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिवण शिकवलेलं.

"आणि न्यायाधीशांनी जर असं विचारलं, की पुतण्याकडे सगळे अधिकार द्यायला हरकत नाही असं तुम्ही आधी म्हणाला नव्हतात का, तर त्यावर तुम्ही…"

बाईंनी गोड हसून मान डोलावली.

"वा! कळलं त्यांना," वकील खूश झाले.

"मला नाही कळलं," मी म्हटलं. "तुम्हाला तरी कळलं का?"

त्यांनी वर पाहिलं. डोळे छान होते. पण मी चिडलेली होते, तेव्हा ते नंतर बघू म्हटलं.

मी स्पीच थेरपिस्ट. पक्षाघाताच्या झटक्यात बाईंचे शब्द हरवले होते, शहाणपण मात्र शाबूत होतं. लांबलचक प्रश्न आला, की त्या भिडेपोटी मान डोलवायच्या. हेच पुतण्याच्या पथ्यावर पडणार होतं. त्याचा अर्जच होता – काकूला काही समजत नाही, तिचे निर्णय मी घेतो, तिला वृद्धाश्रमात ठेवतो. पुढच्या तारखेला कोर्टात बाईंना विचारणार होते. तिथेही अशीच मान डोलली असती, तर राहतं घर सुटलं असतं. ते मी होऊ देणार नव्हते.

"मग करू काय मी?" वकिलांनी विचारलं.

"एका वेळी एक प्रश्न. छोटा. आणि मग गप्प बसायचं."

"अहो, वकील आहे मी!"

"म्हणूनच सांगतेय."

बाईंना उत्तराला वेळ मिळावा आणि मला त्यांच्याशेजारी बसता यावं, म्हणून आम्ही कोर्टाची परवानगी मिळवली. मग रोज संध्याकाळी वकिलांच्या ऑफिसात सराव सुरू झाला. बाईंच्या जागी मी बसायची.

"तुम्हाला कुठे राहायचंय?" ते विचारायचे. मी मुद्दाम बोलायची नाही. पहिल्या दिवशी त्यांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा, मग माझं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

हळूहळू जमायला लागलं. पण गप्प बसायचं, तर बघायचं कुठे? ते माझ्याकडे बघायचे… मी त्यांच्याकडे. बाहेर पावसाची भुरभुर चाललेली असायची.

"बोलू आता?"

"नाही."

"साक्षीदार टेबलाकडे का बघतेय?"

"साक्षीदार विचार करतेय."

"कसला?"

"हा दुसरा प्रश्न झाला," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

तारीख उजाडली. वकिलांनी स्वच्छ आवाजात विचारलं, "बाई, तुम्हाला कुठे राहायचंय?"

बाईंनी सवयीने मान डोलावली. मग थांबल्या. ओठ हलले, शब्द येईना. पुतण्याचा वकील उठला, "साहेब, बघितलंत ना—" न्यायाधीशांनी त्याला हातानेच बसवलं.

आमचे वकील गप्प. कपाळावर घाम, टेबलाची कड घट्ट धरलेली, पण गप्प! त्या क्षणी हा माणूस मला इतका आवडला, की कोर्ट नसतं तर तिथेच सांगून टाकलं असतं.

"घर," बाई म्हणाल्या. छातीवर हात ठेवला. "माझं." आणि पुतण्याकडे बोट दाखवून, "हा… नको."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. पुतण्याचा अर्ज त्यांनी फेटाळला.

व्हरांड्यात आल्या आल्या मी म्हटलं, "मला तुम्ही आवडता. खूप."

ते काहीच बोलले नाहीत. नुसते बघत राहिले.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"तुमचं बोलून संपलं का ते बघत होतो," ते म्हणाले. मग ते गंभीर झाले. "मलाही तुम्ही आवडता. त्या पहिल्या दिवशी मला झापलंत, तेव्हापासून."

बाईंनी एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हाताने त्यांना.

"चला," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघं त्यांना त्यांच्या घरी सोडायला निघालो.