चाळिसावी जागा

'५ मार्च, गुरुवार. डबा पूर्ण. एक जागा सोडून.' त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं आहे. मी रोज लिहितो आणि मोजल्याशिवाय काही लिहीत नाही. पुढचंही तसंच सांगणार आहे.

मी कानडी मुलखात, येलहंक्यात राहतो. कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. ती नोकरी सुटल्यावर संगणकावर जुन्या अमेरिकन आगगाड्या बनवायला लागलो. आगगाडी चालवण्याचा एक खेळ असतो. जगभरातले लोक घरी बसून त्यात गाड्या हाकतात आणि त्यांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची इंजिनं, डबे जसेच्या तसे हवे असतात. कोणाला तरी ते एकेका खिळ्यानिशी घडवावे लागतात. मला हे कोणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकलो.

पेनसिल्व्हेनियात वॉल्टर नावाचे एक म्हातारे गृहस्थ आहेत. ते जुने फोटो पाठवतात, मी बनवतो, ते खेळात गाडी चालवून बघतात आणि चुका कळवतात. सहा वर्षं हे चाललं आहे.

या वेळचा डबा १९०७ सालचा होता. लाकडी, छताला रॉकेलचे दिवे, मधोमध कोळशाची शेगडी. फोटो डब्याच्या मागच्या दारातून काढलेला. चाळीस जागा, चाळीस माणसं, सगळी पाठमोरी. वॉल्टर यांना ती माणसंही हवी होती.

माणसं बनवायची माझी एक पद्धत आहे. आमचे वडील, अप्पा, चिकपेटेच्या बाजारात शिंपी होते. त्यांचं मापांचं रजिस्टर माझ्याकडे आहे. एका पानावर एक गिऱ्हाईक: छाती, कंबर, खांदा, बाही आणि खाली अंगाची खोड. 'पाठ वाकलेली.' 'पोट डावीकडे.' माणूस गेल्याचं कळलं की अप्पा ते पान फाडायचे, निळ्या खडूनं त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायचे आणि गेलेल्यांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवायचे. खडू पुसला जाईल, असं मी लहानपणी म्हटलं होतं. "पुसून दाखव," म्हणाले. तो पुसला गेला नव्हता.

मी फक्त त्या गठ्ठ्यातली मापं वापरतो. जिवंत माणसाला उगाच कशाला बसवा?

माझी थोरली बहीण, तुंगाअक्का, माझ्याकडेच राहते. भावजी गेल्यापासून. त्या दुपारी ती कॉफी घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"कुणाकुणाला बसवलंस रे, तम्मा?"

"हे पोस्टमास्तर. हे चुन्याच्या दुकानाचे शेट्टी. आणि हे तुझे सासरे."

"अय्यो! त्यांना मागं बसव. पुढं बसले तर ड्रायव्हरलाच हुकूम सोडतील."

"एक बाई कमी पडते आहे. शेगडीजवळ, खिडकीपाशी. अरुंद खांद्यांची. गठ्ठ्यात तशी कोणी नाही."

"मग मला बसव की. आनेकलला मावशीकडं न्यायचं तुझ्यानं होत नाही, अमेरिकेला तरी ने."

"तू जिवंत आहेस, अक्का."

"तिकिटाला मेलेलं असायला लागतं होय? बसव. आणि स्वल्प बारीक कर मला."

मी हसलो. रजिस्टरमधून तिचं पान काढलं. खाली अप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'डावं मनगट वाकडं. डावी बाही अर्धा इंच आखूड.' काम झाल्यावर ते पान परत रजिस्टरमध्ये लावलं नाही. हाताशी गठ्ठा होता, त्यावरच ठेवलं आणि दोरी बांधली. माझी चूक एवढीच. अप्पा एकदा म्हणाले होते की जित्याचं पान गेलेल्यांत मिसळू नये, ते त्याला आपल्यातलं समजतात. ते मला फार उशिरा आठवलं.

दहा तारखेला वॉल्टर यांचं ई-मेलनं पत्र आलं. डबा अप्रतिम आहे, शेगडीची जाळीसुद्धा बरोबर आहे. 'प्रवासी माना वळवतात ही कल्पना सुंदर. पण ते सगळे त्या एकाच बाईकडे का बघतात?'

मी माना वळवल्याच नव्हत्या. माझी माणसं पुतळ्यासारखी असतात. त्यांना हलवायची सोयच मी केलेली नाही.

दुपारचे चार वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, वर हवाई दलाचं विमान घरघरत होतं. मी खेळात गाडी सुरू केली आणि डब्याच्या मागच्या दारातून आत नजर लावून बसलो. चाळीस पाठी. कोणी हललं नाही. गाडी एका बोगद्यात शिरली, पडदा काळा झाला. चाकांचा आवाज तेवढा येत होता. त्यात लाकूड तापल्यावर कुरकुरतं तसा एक आवाज मिसळला. तो मी कधीच घातला नव्हता.

गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा एकोणचाळीस चेहरे वळलेले होते. पोस्टमास्तर. शेट्टी. अक्काचे सासरे. सगळे शेगडीजवळच्या खिडकीकडे बघत होते. ती एकटीच बाहेर बघत होती. डावी बाही अर्धा इंच आखूड.

"तम्मा..." आतून अक्काची हाक आली. "रॉकेलचा वास येतोय का रे?"

आमच्या घरात वीस वर्षांत रॉकेल आलेलं नाही. पण वास येत होता.

त्या दिवसापासून अक्काला ताप भरला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. अक्का खोकायची आणि रुमालाला काळं लागायचं. तिचा हात हातात घेतला तर शेगडीवरून उचललेल्या भांड्यासारखा लागायचा.

मी गठ्ठा सोडला. तिच्या पानावर डाव्या कोपऱ्यातून निळी रेघ निघाली होती. ओल्या फडक्यानं पुसली, रबरानं खोडली. कागद झिजला, रेघ तशीच. पान परत रजिस्टरमध्ये लावलं, तरी तीच गत. रोज सकाळी मोजत गेलो. अकरा तारखेला दोन इंच. बारा तारखेला सव्वातीन. तेरा तारखेला पाच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पान सव्वानऊ इंच भरतं.

तेरा तारखेलाच मी तिला डब्यातून काढलं. नवा डबा वॉल्टर यांना पाठवला, जुना पुसून टाका म्हणून कळवलं. त्यांनी लगेच पुसला. वहीत लिहिलं, 'अक्का उतरली.'

चौदा तारखेला रेघ सात इंच झाली होती.

त्याच दिवशी वॉल्टर यांनी जुन्या वर्तमानपत्राचं एक कात्रण पाठवलं. फोटो काढल्यावर दोन तासांनी, एका पुलाच्या अलीकडे, तो डबा जळाला होता. एकोणचाळीस गेले. शेगडीजवळची बाई आदल्या स्टेशनवर उतरली होती. 'तुम्हाला हे आधीच माहीत होतं का?' त्यांनी विचारलं होतं. 'तुमचे प्रवासी आता त्या रिकाम्या जागेकडे बघतात. खरं सांगू? मला ते बघवत नाही.'

मी अक्काच्या खोलीत गेलो. तिचे डोळे मिटलेले होते.

"स्टेशन गेलं का रे?" ती पुटपुटली.

"कुठलं स्टेशन?"

"मला उतरायचं होतं... पण सासरे म्हणतात, बस. जागा धरून ठेवलीय म्हणतात..."

तिच्या उशीवर राख होती. चिमूटभर.

पंधरा तारखेला सकाळी साडेआठ इंच. मग मी मोजायचं थांबवलं आणि विचार केला. डब्यातल्यांना अक्काच पाहिजे होती असं नाही. जागा भरलेली पाहिजे होती.

रजिस्टरमध्ये माझंही पान आहे. खाली लिहिलंय, 'उजवा खांदा एक सूत उतरता.' त्या मापाची आकृती करायला मला तीन तास लागले. इतक्या काळजीनं मी कधी काम केलेलं नाही. अकरा चाळीसला मी स्वतःला शेगडीजवळ बसवलं आणि डबा पाठवून दिला.

बारा वाजता अक्का उठून बसली.

"भूक लागलीय," म्हणाली. "आणि हे काय, तोंड बघ तुझं! मी मेले असं वाटलं का काय?"

तिच्या पानावर रेघ नव्हती. रबरानं झिजलेला कागद तेवढा दिसत होता. मी माझं पान उलटलं. तेही कोरं होतं. त्या रात्री मी फार दिवसांनी झोपलो. सहा दिवस रोज सकाळी दोन्ही पानं बघितली. कोरी. वहीत तसं सहा वेळा लिहिलं आहे.

आज एकवीस तारीख. दुपारी वॉल्टर यांचं पत्र आलं.

'डबा आता पूर्ण वाटतो. प्रवासी पुढे बघून शांत बसतात. फक्त एक विचारायचं होतं. जास्तीचा एक माणूस तुम्ही मुद्दाम घातला आहे का? म्हातारे आहेत, गळ्यात टेप. सोमवारी ते मागच्या दारात उभे होते. काल मधल्या वाटेत होते. आज ते शेगडीजवळच्या त्या गृहस्थांच्या मागे उभे आहेत. त्यांच्या हातात काहीतरी निळं आहे.'

मी फाइल उघडून माणसं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. चाळीसच. रजिस्टर काढलं, माझं पान खिडकीपाशी उन्हात धरून बघितलं. एक ठिपकासुद्धा नव्हता. बरं वाटलं. हे सगळं लिहून ठेवावं म्हणून वही उघडली आणि इथपर्यंत लिहीत आलो.

आत्ता अक्का कॉफी घेऊन आली. कप ठेवला आणि माझ्या पाठीमागे थांबली.

"तम्मा, कुठं टेकून बसला होतास रे? शर्टाला केवढा खडू लागलाय."

"कुठं?"

"पाठीला. उजव्या खांद्यापासून पार खाली कमरेपर्यंत. थांब, झटकते."

ती झटकते आहे. मी लिहितो आहे. तिचा हात गार आहे, ताप नाही, हे लिहून ठेवतो.

"जात नाही रे," ती म्हणते आहे. "शर्ट काढ बघू... अय्यो, तम्मा. आत अंगावर पण आहे."