नमुना जागेवर आहे

भुताखेतांना रात्र लागते असं म्हणतात. ही गोष्ट मात्र दुपारची आहे, आणि ती सुरू झाली सामान हलवण्याच्या साध्या कामापासून.

संशोधन संस्थेच्या तळघरातल्या जुन्या डीप फ्रीजरची मोटर आठवडाभर कण्हत होती. तो बंद पडायच्या आत त्यातले खोके नव्या फ्रीजरमध्ये हलवायचे होते. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, या कामाला येणार कोण? तर दोघीच. नणंद आणि भावजय.

नणंद त्या साठवणखोलीची प्रमुख. भावजय तिच्या हाताखाली. घरी भावजय तिला 'वन्सं' म्हणायची आणि ती भावजयीला 'वहिनी', म्हणून सगळी संस्थाही तेच म्हणू लागली होती. केस पिकलेले शास्त्रज्ञसुद्धा दारातून वाकून विचारायचे, "वन्सं, आमचे नमुने मिळतील का?" पाठीमागे तिचं नाव 'गारठा' होतं. ते तिला माहीत होतं आणि आवडतही असावं.

कुणाच्या तरी अंगातून कधीतरी काढलेलं रक्त, लाळ, गाठीचा बारीकसा तुकडा, हे सगळं बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांमध्ये गोठवून तिथे ठेवलेलं असे. प्रत्येक नळीवर बारकोड, प्रत्येक खोक्यात प्रत्येक नळीची ठरलेली जागा. पूर्वी हे सगळं वन्संच्या डोक्यात होतं. आता कॉम्प्युटरवर नवी यंत्रणा आली होती. आधी आपलं कार्ड स्कॅन करायचं, मग नळी, मग जागा. वन्संना ती यंत्रणा घरात आलेल्या सवतीसारखी वाटायची.

"झाकणाला धरू नकोस," वन्सं म्हणाल्या. "किती वेळा सांगायचं? नळी पोटाला धरावी. झाकण निसटलं की कुणाचं तरी आयुष्य सांडतं जमिनीवर."

"हातमोजे जाड आहेत, वन्सं."

"हातमोजे जाड नाहीत, अक्कल पातळ आहे."

वहिनीने पुढची नळी पोटाला धरली. तिची ही नोकरी वन्संच्या शब्दावर लागली होती. नवरा वर्षभर घरी बसून होता आणि लग्नाआधीच विधवा झाल्यासारख्या कोरड्या राहिलेल्या या बाईच्या जिभेवर घर चालत होतं. पण एक होतं. वहिनीला मूल गेलं तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस बसून राहिली ती हीच बाई. बसली आणि तिथेही नर्सना फाडफाड बोलली. वहिनी ते विसरली नव्हती.

मध्येच स्क्रीन झोपली. वन्संनी माउस हलवला, गळ्यातलं कार्ड ओढलं आणि मान वळवून वहिनीला म्हणाल्या, "बघ, परत झाकणाला धरलंस."

स्कॅनर वाजला.

यंत्रणा या वेळी कार्ड मागत नव्हती. ती नमुना मागत होती. वन्संचं लक्ष स्क्रीनवर नव्हतं, वहिनीच्या बोटांवर होतं. शेजारचा छोटा प्रिंटर कुरकुरला आणि त्यातून एक लेबल बाहेर आलं. स्क्रीनवर ओळ उमटली : *नवा नमुना दाखल झाला. नवा फ्रीजर, खालचा कप्पा, कोपऱ्यातली जागा.*

वहिनीला हसू आवरेना. "वन्सं, तुम्ही नमुना झालात."

"ते तुझा नवरा जन्मल्यापासून म्हणतोय. पूस ते."

पण पुसायची सोयच नव्हती. कुणी लबाडी करू नये म्हणून यंत्रणेत एकदा आत गेलेलं कधीच पुसता येत नसे. फक्त त्याची अवस्था निवडता यायची. *जागेवर. बाहेर काढला. संपला. नष्ट केला.* आणि अवस्था निवडल्याशिवाय पुढचा खोका घेतला जात नव्हता. वहिनीने साहेबांना फोन लावला. साहेब कुठेतरी जेवायला बसले होते. "काहीतरी निवडा आणि पुढे चला हो, सोमवारी बघू," म्हणाले. उंटावरून शेळ्या.

"'संपला' करू का?" वहिनीने विचारलं.

"कर की. तुला तेच तर हवंय."

वहिनीचं बोट थबकलं. 'नष्ट केला' तर त्याहून वाईट. 'जागेवर' म्हणावं तर वन्सं काही फ्रीजरमध्ये बसल्या नव्हत्या. तिने 'बाहेर काढला' निवडलं. तेच खरं होतं. वन्सं समोर उभ्या होत्या, धडधाकट, बाहेर.

स्क्रीनचा कोपरा पिवळा झाला. *नमुना बाहेर आहे. वेळेत परत ठेवा.*

दोघी पुन्हा कामाला लागल्या. थोड्या वेळाने वन्संनी स्वेटर काढला. त्या खोलीत सगळे भर उन्हाळ्यातही स्वेटर घालत.

"गरम होतंय," त्या म्हणाल्या.

"इथे?"

"तुला सांगितलं ना, होतंय."

त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. ते ओघळत नव्हते. हिम वितळताना नळीच्या बाहेर जसे दाटतात तसे जागच्या जागी दाटत होते. मग वास आला. मागे एकदा वीज गेली होती आणि एका कप्प्यातले सगळे नमुने वितळले होते, तेव्हा हा वास दोघींनी घेतला होता. गोडसर, ओलसर, घशाला चिकटणारा. वहिनीने सगळे फ्रीजर तपासले. सगळे थंड होते. वास फ्रीजरमधून येत नव्हता.

"वन्सं... बसा जरा."

तिने त्यांचा दंड धरला. बोटं आत रुतली. हात काढला तेव्हा चार बोटांचे खळगे तसेच राहिले, मऊ मेणात राहावेत तसे. भरून येईनात.

वन्संनी ते खळगे पाहिले. कधी न घाबरणारी बाई हळूच म्हणाली, "वहिनी... काय लिहिलंय गं तिथे?"

स्क्रीन आता लाल होती. *नमुना खराब होत आहे. परत ठेवा.*

असं काही असतं का, हे विचारायला वेळ नव्हता. वन्संची हनुवटी खाली सरकल्यासारखी दिसत होती. डोळ्यांतलं पांढरं पातळ होऊन पापण्यांशी आलं होतं. वहिनीने फ्रीजर उघडला, कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेचा बारकोड स्कॅन केला, मग वन्संच्या गळ्यातलं कार्ड. दोनदा वाजलं. स्क्रीन हिरवी झाली.

*नमुना जागेवर आहे.*

फ्रीजरच्या आत काहीतरी हललं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं. मग नुसती घरघर.

वन्सं ताठ झाल्या. घाम गेला, वास गेला, दंडावरचे खळगे भरून आले. त्यांनी वहिनीकडे पाहिलं आणि हसल्या. इतक्या वर्षांत वहिनीने त्यांचे सगळे दात एकदम पाहिले नव्हते.

"दमलीस ना?" त्या म्हणाल्या. "बस ना जरा. राहिलेलं मी करते."

घरात तर सगळं आनंदात सुरू झालं. वन्सं सकाळी उठून चहा आयता हातात देत. कुणाला लागेल असा एक शब्द नाही. नवरा खूश होता. "ताईला काय झालंय कुणास ठाऊक," तो म्हणाला, "पण देव करो आणि बरं न होवो." वहिनी हसली नाही. वन्सं तिच्या ताटाशी बसून तिला एकटक बघायच्या, आणि त्यांनी कपाला हात लावला की चहा निवायचा.

सोमवारी वहिनी खाली एकटी असताना तिने कोपऱ्यातली जागा उघडून पाहिली. शनिवारी तिथे नळीचं नुसतं रिकामं भोक होतं. आता एक नळी होती. आजूबाजूच्या सगळ्या नळ्यांवर हिमाचे जाड थर, हिच्यावर एक कणही नाही. वहिनीने हातमोजा काढला आणि ती उचलली. नळी कोमट होती, तापातून उतरलेल्या माणसाच्या तळव्यासारखी.

आणि ती थरथरत होती. रागाने, चिडून, सारखी. वहिनीला कळेना. मग तिचं लक्ष आपल्या बोटांकडे गेलं. तिने नळी झाकणाला धरली होती. तिने ती पोटाला धरली. थरथर थांबली.

वहिनीने नळी तोंडाजवळ आणली. "वन्सं..." ती कुजबुजली. "अहो, वन्सं..."

"काय गं?"

दारात वन्सं उभ्या होत्या, हसत.

"ते परत ठेव," त्या प्रेमाने म्हणाल्या. "ते नष्ट करायचंय. मी मागणी टाकली आहे. पण यंत्रणेला दोन कार्डं लागतात ना. एकट्याला नष्ट करता येत नाही. तेवढं तुझं कार्ड लाव."

"मी नाही लावणार."

वन्सं जवळ आल्या. त्यांनी वहिनीचं मनगट धरलं, अगदी हळुवार. कातडी बर्फाला चिकटून सोलावी तशी आग झाली. "एवढंसंच तर आहे. कुणाच्या उपयोगाचं नाही. नुसतं चिडचिड करतं."

"नाही लावणार," वहिनी रडत म्हणाली.

"बरं. राहू दे." हात सुटला. मनगटावर पांढरा पट्टा उठला. "तुझं नको तर नको. दुसरं कुणीतरी बघते मी."

त्या दिवसापासून वहिनी कार्ड उशाखाली घेऊन झोपायची. संधी मिळेल तेव्हा ती कोपऱ्यात जाऊन नळी चाचपायची. आहे ना? आहे. कोमट आहे ना? आहे. एकदा तिने नळीपाशी घरातली गाऱ्हाणी सांगितली, तेव्हा ती अशी काही थरथरली की वहिनीला आपल्याला झापलं असं वाटलं आणि किती दिवसांनी बरं वाटलं. हिला इथून काढायची कशी, तेवढं मात्र सुचत नव्हतं. 'बाहेर काढला' निवडावं तर ती कुठे वितळेल आणि कोण वितळेल, काय भरवसा?

पुढच्या आठवड्यात नवरा नाचतच घरी आला. "लागली. ताईने साहेबांकडे शब्द टाकला. उद्यापासून मीही तुमच्या तळघरात."

वहिनीच्या हातातला तांब्या पडला. "तुम्ही नका येऊ."

"का?"

"सांगते म्हणून. नका येऊ."

"कमाल आहे," तो म्हणाला. "दोघी भांडायच्या तेव्हा मी मध्ये भरडलो. आता गुण्यागोविंदाने राहताय तर तुला तेही बघवत नाही. वर्षभर घरात बसलेला माणूस आहे मी. मला काय वाटत असेल?"

जे बोलायचं होतं ते तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी वहिनीला बर्फाची पेटी देऊन वरच्या मजल्यावर पाठवलं. वर कुणी ती मागितलीच नव्हती. हे कळताच वहिनी जिने उतरत धावली. खाली वन्सं एकट्याच होत्या. प्रिंटर नुकताच थांबलेला, त्याचा तापलेला वास अजून हवेत होता.

"ते कुठे आहेत?"

"दादा? घरी पाठवला. पहिलाच दिवस, जरा गरगरलं त्याला. गरम होतंय म्हणत होता." वन्सं हसल्या. "आता बरा आहे. उद्या आम्ही दोघं मिळून ते नष्ट करायचं उरकून टाकू."

दादा. धाकट्या भावाला त्यांनी जन्मात कधी दादा म्हटलं नव्हतं. 'गधड्या' म्हणायच्या.

वहिनीने काही विचार केला नाही. तिने फ्रीजर उघडला, कोपऱ्यात हात घातला, बोटांना ऊब लागताच होतं ते मुठीत घेतलं, रुमालात गुंडाळून घट्ट गाठ मारली आणि ती बाहेर पडली. वन्संनी अडवलं नाही. नुसत्या दाराशी येऊन बघत राहिल्या.

रस्त्यावर लख्ख ऊन होतं. माणसं दुकानांत शिरत होती, शाळा सुटत होती. वहिनीने रुमाल उराशी धरला होता. ऊब कपड्यांतून लागत होती. "चला घरी, वन्सं," ती पुटपुटत होती. "बोला मला काय बोलायचं ते. चला."

घरात नवरा होता. त्याने जेवणाची ताटं मांडली होती, पाणी भरून ठेवलं होतं. गळ्यात नवं कार्ड. तो तिच्याकडे बघून हसला, सगळे दात दिसतील असा.

"दमलीस ना?" तो म्हणाला. "बस ना जरा."

वहिनी आतल्या खोलीत गेली. कडी लावली. पलंगावर बसून तिने रुमालाची गाठ सोडली.

रुमालात दोन नळ्या होत्या.

दोन्ही कोमट. एक संतापाने थरथरत होती. दुसरीवरच्या लेबलाची शाई अजून बोटाला लागत होती, आणि ती अजिबात हलत नव्हती. तो घाबरला की असाच श्वास धरून गप्प बसायचा.

दारावर हळूच टकटक झाली.