तितरं भूपेंद्रच्या घरी गेली

हे खरं घडलेलं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण "काकांना भास झाला असेल" एवढं मला म्हणू नका. डोकं फिरतं माझं.

अल्लीपूरच्या बाहेर एक टेकडी आहे. पार बोडकी होती. आमचे माधवकाका तिथल्या शाळेत गुरुजी. १९९१ पासून त्यांनी तिथं झाडं लावली, गुरं अडवली, उन्हाळ्यात सायकलवर पाणी वाहिलं. लोक हसले. पण गवत वाढलं आणि गवतात तितरं आली.

दिवस कलला की टेकडीभर ती-ती-तर, ती-ती-तर. तेवढं ऐकायला काका रोज जायचे.

मग आला २००१ चा मार्च.

विडीच्या पानांसाठी तेंदूला जोमदार पालवी फुटावी म्हणून ठेकेदार भूपेंद्रनं टेकडीखालचं गवत पेटवलं. काकांचाच विद्यार्थी. काडी ओढून हा बहाद्दर घरी जेवायला गेला.

सकाळी काका राखेतून फिरले. एक तितरी सापडली, अंड्यांवर बसलेली. उडता येत होतं तिला.

उडाली नव्हती.

काका तडक भूपेंद्रच्या दारात गेले. तो हसला. "गवतच तं जळलं, गुरुजी. झाडं उभीच हायेत."

पावसात टेकडी खरंच हिरवीगार झाली. साहेबलोक येऊन वाहवा करून गेले. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण टेकडीवर आवाज...

एकही नव्हता. वर्षभर नाही.

पुढच्या मार्चात भूपेंद्रच्या आईनं, सुलोचनाबाईंनी, काकांना बोलावणं धाडलं. काका चार शब्द सुनावायलाच गेले. भूपेंद्र ओसरीत बाजेवर पाय वर घेऊन बसला होता. पाय जमिनीला लावेना.

ऊन उतरलं. आणि...

ती-ती-तर.

फरशीखालून.

मग आतल्या खोलीतून. मग चुलीमागून. अख्खी टेकडी बोलत होती. पिसं जळाल्याचा वास घरभर पसरला.

सुलोचनाबाई म्हणाल्या, तीनदा फरशी उकरली. खाली राख निघते. गरम.

भूपेंद्रनं हात जोडले. "तुमची पाखरं हायेत, गुरुजी. घेऊन जा ना. माह्या पायाखाली काऊन?"

"मी दहा वर्सं पाणी घालून त्यायले आणलं," काका म्हणाले. "तू एका काडीत घरी नेलं. आता तूच सांभाळ."

ताडताड फाटकापर्यंत गेले.

आणि थांबले. वर्षभर ज्या आवाजासाठी कान आसुसले होते, तो मागून येत होता. तोही या नालायकाच्या घरातून! संताप झाला त्यांचा. तरी परत फिरले, आणि अंधार पडेपर्यंत ओसरीत बसून राहिले.

भूपेंद्र पुढं आईला घेऊन नागपूरला पळाला. घराला कुलूप. भाडेकरू टिकत नाही.

काका अजून रोज संध्याकाळी तिथंच पायरीवर जाऊन बसतात. २००८ च्या मार्चात मी त्यांना आणायला गेलो. शेजारी टेकलो, तर हात चटकला. ऊन जाऊन बराच वेळ झाला होता, तरी पायरी तव्यासारखी तापलेली.

आणि खालून... तेच.

मी म्हटलं, "काका, चला. टेकडीवर जाऊ."

"तिथं कोण हाये?" ते म्हणाले.

मला तेव्हापासून राग येतो तो त्या तितरांचा. वाढवलं यांनी आणि गेली त्याच्या घरी. का गेली, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही.