वाकलेला ससा

"उद्या पाडणार? आपला ससा?" भिंगरीने सायकल तिथेच आडवी टाकली.

टेकडीवर हमरस्त्याकडे तोंड करून पत्र्याचा तीनमजली ससा उभा होता. त्याच्या पायाला नोटीस चिकटवली होती : 'पाया खचल्यामुळे धोकादायक. उद्या सकाळी पाडण्यात येईल.'

खरं तर हा ससा म्हणजे टायरची जाहिरात! कंपनी कधीच बुडाली, पोटावरची अक्षरं पुसून गेली. ससा मात्र राहिला. पुढे तो पोस्टाच्या तिकिटावर आला, देशाच्या संघाच्या शर्टावर आला. परदेशातून परतणारी माणसं म्हणत, "ससा दिसला, घर आलं!" आणि हा ससा बनवला होता भिंगरीच्या आजोबांनी. नोटीस वाचून आलेले आजोबा सकाळपासून का जेवले नव्हते, ते भिंगरीला आता कळलं.

"वाकलाय तर खरा," तिचा मामेभाऊ ढब्बू डोळे बारीक करून म्हणाला.

"पण पाया खचलाय कशावरून?" शंकोबाने विचारलं. या मित्राला जेवतानाही शंका यायच्या!

भिंगरीने खिशातली गोटी काढून सशाच्या चौथऱ्यावर ठेवली. गोटी जागची हलली नाही. चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिली. छे! ढिम्म!

"चौथरा सपाट आहे! म्हणजे पाया खचलेलाच नाही!"

"मग ससा काय म्हातारपणाने वाकला?" ढब्बूने विचारलं.

"कुणीतरी ओढतंय त्याला. चला मागे!"

मागच्या उतारावर काटेरी झुडपं माजली होती. ढब्बूची चड्डी फाटली, पण तोच ओरडला, "सापडलं! तार!"

सशाच्या पाठीपासून अंगठ्याएवढी जाड तार खाली गेली होती, थेट साबणाच्या नव्याकोऱ्या फलकापर्यंत! वारा आला की फलक कुरकुरायचा, तार ताणली जायची आणि ससा कण्हायचा.

"ए पोरांनो! पळा इथून!" फलकाचा मुकादम धावत आला.

"काका, ही तार तुमची ना?"

"आमची? छे! असेल जुनी कुठली तरी. आमचा काही संबंध नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअरसाहेब क्रेन घेऊन हजर झाले. भिंगरी आजोबांना हाताला धरून घेऊन आली. आजोबांच्या खांद्यावर तार कापायची भलीमोठी कातर होती.

"साहेब, दोन मिनिटं!" भिंगरी म्हणाली. "चौथऱ्यावर गोटी ठेवून पाहिली, जराही घरंगळत नाही. पाया खचलेला नाही! पण मागे एक जुनी तार आहे. मुकादमकाका म्हणतात, ती कुणाचीच नाही. मग कापून टाकायला हरकत नाही ना?"

"कसली तार?" साहेब चक्रावून मागे गेले. मुकादम घाम पुसत त्यांच्या पाठोपाठ.

आजोबांनी कातर तारेला लावली.

"अहो, थांबा थांबा!" मुकादम किंचाळला. "कापू नका! आमचा अख्खा फलक पडेल!"

ढब्बू फिस्सकन हसला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "सशाला बांधलात फलक? दोन खांब जास्तीचे रोवायचा कंटाळा म्हणून?" मग ते थोडे ओशाळले. "चूक माझीही आहे. मी खालूनच पाहून नोटीस लिहिली. वर चढलोच नाही."

त्याच क्रेनने आधी फलक उतरवला, तार सोडली आणि ससा हळूहळू सरळ केला. आजोबांनी स्वतः सगळे बोल्ट आवळले. खाली जमलेल्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"शाब्बास!" साहेबांनी तिघांशी हात मिळवला. "आमच्या खात्याला जे दिसलं नाही, ते तुम्ही एका गोटीने दाखवलंत!"

आजोबा भिंगरीजवळ येऊन बसले. "नजर पक्की आहे हो तुझी, माझ्यापेक्षाही. मी तर याचा डावा कान हातभर लांब कापला होता. भीतीने कुणाला बोललोच नाही!"

भिंगरीने वर पाहिलं. खरंच की! "अय्या! म्हणजे तिकिटावर, शर्टावर..."

"सगळीकडे लांबच आलाय," आजोबा मिश्कील हसले. "आता अख्ख्या देशाला तोच बरोबर वाटतो!"