शिवाच्या गिटारीची किंकाळी

प्रेमदासनं वायर स्पीकरला जोडली. तारेला बोट लागायच्या आधीच गिटार किंचाळली.

आधी खालच्या सुरात हुंदका, मग तो चढत चढत, कुणी ऊर फोडून रडावं तसा. समोर अंगणात शिवशंकरचा हार घातलेला फोटो. प्रेमदास शेजारच्या बंजारा तांड्यावरचा, शिवाचा बँडमधला जोडीदार. मित्राच्या दहाव्याला त्याच्याच गिटारीवर एक धून वाजवायला आला होता. कुरुंद्याजवळच्या वस्तीवर जमलेली माणसं पत्रावळी टाकून पळाली. मग परत आली आणि त्यांनी प्रेमदासला तुडवला. विहिरीत मेलेल्या पोरानं आपला खुनी दाखवला, आणखी पुरावा कशाला हवा?

फौजदार करुणा पोचली तेव्हा प्रेमदासचा एक डोळा सुजून बंद झाला होता. तिनं त्याला बेड्या घालून ओट्यावर बसवला. बेड्या होत्या म्हणून तो जिवंत राहिला.

"आमच्या हवाली करा त्याला," शिवाचा बाप पुंजाजी ओरडला. "माझं लेकरू बोंबलून राहिलंय, बाई. याचा हात लागला आन् बोंबललं."

"आधी गिटारीला कुणी हात लावला होता?"

"कोन लावनार? शिवा गेल्यापासून घरात खुंटीला व्हती. तांड्याचं कुत्रंबी आमचा उंबरा वलांडत न्हाई."

"तो गेला त्या रात्री घरात कोण होतं?"

"मी एकलाच. ही पोरीला, दिपालीला, घिऊन माहेरी व्हती, डोंगरकड्याला. सकाळी निरोप गेला तवा आली."

त्याच्या बायकोनं, चंद्रभागाबाईनं, पाण्याचा तांब्या पुढं केला. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"मावशी, हाताला काय झालं?"

"आल्या दिशी चूल उपसली, त्या राखीनं भांडी घासली. चिरली बोटं. मौतीच्या घरी भांडी का सुटतात, माय?"

करुणा प्रेमदासजवळ बसली.

"तू मारलंस?"

"शिवाला? मॅडम, तो गेला त्याच सांजेला जवळा बाजारच्या लग्नात संगंच वाजवलं आमी."

"तेव्हा किंचाळली होती?"

"न्हाई. हाच स्पीकर, हीच वायर."

"मग आज काहून?"

"पोकळ गिटार हाय. स्पीकरचा आवाज पोटात घुमतो, तारा थरथरतात, ते परत स्पीकरमधी जातं. आमी घ्यायच्या आदी जुना मालक म्हनला व्हता, ही रडकी हाय, म्हनून तर स्वस्त. पर शिवानं जुगाड केला. म्हनायचा, पोट भरलं का गप बसती. काय भरलं ते मला कदी दावलं न्हाई."

करुणानं गिटार मांडीवर घेतली. कलकत्त्याकडची, पुंजाजीएवढ्या वयाची, पॉलिश उडालेली. छातीवर दोन लांब वाकड्या फटी. एका फटीची कड ताजी तुटलेली. तिनं बॅटरी मारली.

आतल्या अंधारातून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

किती मुडदे बघितले होते तिनं, पण असं कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. मग नीट पाहिलं. नखाएवढा आरसा, लाल दोऱ्यासकट, लाकडाच्या खडबडीत सांध्यात अडकलेला. तांड्यावरच्या बाया ओढणीला टाकतात तसला.

"बहीण आहे तुला?"

प्रेमदासनं मान खाली घातली. "मिना."

"घ्या!" हवालदार नरसिंग म्हणाला. "भावानंच काटा काढला. मिटला मामला."

"तुझा मामला फारच लवकर मिटतो, नरसिंग."

मिना कुंपणाबाहेर उन्हात उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. "माझ्या ओढणीचा पदर व्हता त्यात," ती तिथूनच म्हणाली. "आमी कोर्टात लगीन करनार व्हतो. साक्षीला सही भाऊच करनार व्हता."

गर्दीतून शिव्या उठल्या. करुणानं नरसिंगच्या गळ्यातला गमछा ओढला आणि स्पीकर लावला. गिटार किंचाळली. बाया मागं सरल्या. तिनं फटीतून गमछा आत कोंबत नेला. किंकाळी आखडली, घरघर झाली, थांबली.

"गेलं भूत?" तिनं विचारलं. मग स्पीकर बंद केला.

"आता ऐका. जवळा बाजारला ही गप होती, म्हणजे तेव्हा पदर आत होता. आज किंचाळली, म्हणजे मधे कुणीतरी तो हिसकून काढला. गिटार घराबाहेर गेली नाही, तांड्याचं कुणी घरात आलं नाही. हे पुंजाजी, तुम्हीच छाती फुगवून सांगितलंत. मावशी, ती राख कुठंय?"

चंद्रभागाबाईनं डबा आणला. करुणानं पिठाच्या चाळणीत राख ओतली. राख खाली गेली. वर उरले काळवंडलेले, तडकलेले आरसे.

"कापड जळतं, काच जळत नाही. मावशींनी आल्या दिवशी चूल उपसली आणि बोटं चिरली. म्हणजे त्या यायच्या आधीच पदर जळला होता. तोवर घरात एकच माणूस होतं."

पुंजाजीनं चाळणीतला एक आरसा उचलला.

"शिवानंच दावला पदर. म्हने, ही तुमची सून. मी फटीतून हिसकला, चुलीत घातला. तो तरातरा निघाला, मी विहिरीपर्यंत मागं गेलो, ढकलला. दिपालीची सोयरीक मोडली असती, बाई... आज गिटार वरडली तवा वाटलं, मलाच हाक मारून राहिलाय. म्हनून म्या याच्याकडं बोट केलं."

"मला इचारलं व्हतं का, बाबा?" दिपाली दारातून म्हणाली. "माझ्या सोयरीकीपायी माझा भाऊ मारायचा का म्हनून?"

करुणानं प्रेमदासच्या बेड्या काढून पुंजाजीच्या हातात घातल्या. प्रेमदासला तुडवणारे शूर आता खाली बघत आपापल्या चपला शोधत होते. तिनं एकेकाचं नाव विचारून घेतलं. एकालाही सोडलं नाही.

पुंजाजी जीपकडे जाताना बायकोपुढं थांबला. चंद्रभागाबाईनं त्याच्याकडे बघत पदरानं कपाळाचं कुंकू पुसलं. पूर्ण पुसलं. मग ती अंगण ओलांडून कुंपणापाशी गेली.

"उन्हात काहून उभी ऱ्हायलीस, पोरी?" ती मिनाला म्हणाली. "भावाला घे. आत या."