मिस्टर वीगिल यांच्या शटरपाशी

गारा अशा काही कोसळायला लागल्या, की ओडेलिया त्रुहियोने पिशवी डोक्यावर धरली, पोलीस ठाण्याच्या आवारातून धूम ठोकली आणि समोर जी पहिली गाडी दिसली तिचं दार उघडून धपकन आत बसली.

"हुश्श! माफ करा हं, पहिल्याच दिवशी उशीर…" असं म्हणत तिने ओले केस झटकले, पट्टा लावला आणि मग कुठे शेजारी बघितलं.

शेजारी एक उंचापुरा पोलीस बसला होता. हातातला बरिटो, ती भरलेल्या पोळीची गुंडाळी, तोंडाजवळ येऊन अडकलेला, आणि गालावर सगळं ओडेलियाच्या केसांतलं पाणी.

"मॅडम," तो अगदी शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे लोक मागच्या सीटवर बसतात. आणि तेसुद्धा स्वतःहून नाही बसत."

"तुम्ही… ऑफिसर माँतोया ना?"

"माँतोयाची गाडी ती पलीकडची. तो अजून यायचाय. मी कोचेवार. आन्तोन कोचेवार. बरिटो खाणार?"

ओडेलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोलोरॅडोतल्या या सान इसिद्रो गावात तिची नेमणूकच मुळी पोलिसांच्या गाडीत झाली होती. कुणाचं मन ताब्याबाहेर गेलं, घाबरलेल्या घरच्यांनी नाहीतर शेजाऱ्यांनी फोन केला, की नुसत्या पोलिसाने जायचं नाही. सोबत मनाचं जाणणारं कुणीतरी जायचं. ते कुणीतरी म्हणजे ओडेलिया. ना गणवेश, ना हत्यार. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि लोकरी मोजे. असं मोठं काम करायला निघालेली ही बाई गाडीच चुकली होती!

ती उतरणार एवढ्यात रेडिओ खरखरला. स्पिनुत्सी बाई घरातली भांडीकुंडी रस्त्यावर फेकताहेत, जवळ असेल त्या गाडीने जावं.

जवळची गाडी हीच होती. कोचेवारने बरिटो कागदात गुंडाळला. "मॅडम, उतरताय का?"

"गाडी चालवा," ओडेलिया म्हणाली. तिचा आवाजच बदलला होता. "भोंगा नको, दिवे नकोत. दोन घरं अलीकडे थांबायचं. टोपी गाडीतच ठेवायची. तिथे एका वेळी एकच आवाज बोलेल, माझा."

"आणि मी शोभेला?"

"तुम्ही बघायचं. मी बोलत असते तेव्हा मला फक्त समोरच्याचा चेहरा दिसतो. त्यांचे हात, पाय, दार, रस्ता, सगळं तुम्ही बघायचं. तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर मी पुढे जाते. आणि बोलण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर माझ्या खांद्याला हात लावायचा. मी थांबेन, मग तुम्ही बोला. दोघांनी एकदम बोललं की माणूस आणखी बिथरतो."

"बाप रे," कोचेवार म्हणाला, "आमच्या मावशीच्या घरी हा नियम लावायला पाहिजे."

ल्युसिल स्पिनुत्सी झोपायच्या झग्यात, अनवाणी, दारात उभ्या होत्या. रस्त्यावर गारा आणि बशांचे तुकडे एकमेकांत मिसळले होते. ओडेलिया पावसातच फुटपाथच्या कडेला जाऊन बसली, जशी काही गप्पा मारायलाच आली होती.

"ही निळीपण फोडायची आहे?" तिने विचारलं.

"ही नाही… ही सासूबाईंची आहे."

"अहो, मग ही तर सगळ्यात आधी फोडायची!"

ल्युसिलबाई थबकल्या. मग फस्सकन हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. नवरा गेल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता. दोघांची ताटं मांडायची सवय हाताला होती, म्हणून ताटंच संपवून टाकायला निघाल्या होत्या. ओडेलियाने काही समजावलं नाही, उपदेश केला नाही. नुसतं विचारत राहिली आणि ऐकत राहिली. बाई डॉक्टरांकडे यायला आपण होऊन तयार झाल्या, तेव्हा पायाखाली बघून ओडेलियाच्या लक्षात आलं. दारापासून गाडीपर्यंतची वाट स्वच्छ झाली होती. तो उंचापुरा माणूस गुडघ्यांवर बसून, नजर बाईंवरून न हटवता, चाचपत चाचपत काचा वेचत होता.

"काचा कशाला उचलत बसलात?" परतताना तिने विचारलं.

"त्या अनवाणी होत्या ना," तो म्हणाला. त्याच्या बोटातून रक्त येत होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

आता खरं सांगायचं तर ओडेलियाचं मन तिथेच घसरलं. पण कबूल कोण करतो!

पुढच्याच महिन्यात माँतोया निवृत्त झाला आणि त्या गाडीसाठी कोचेवारने स्वतःहून नाव दिलं. ठाण्यात त्याची यथेच्छ टिंगल झाली. चोरांच्या मागे धावणारा गडी आता लोकांचे अश्रू पुसणार म्हणून! त्याने ती कानाआड केली. रीतसर शिक्षण घेतलं आणि आला. उन्हाळा गेला, सप्टेंबर आला, गावभर मिरच्या भाजायचा खमंग धूर सुटला. तोवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"तुझी मावशी मला रोज पोटीत्सा का पाठवते?" अक्रोड भरलेला तो गोड पाव तोंडात कोंबत ओडेलिया विचारायची.

"तिला वाटतं तू अशक्त आहेस."

"तिने मला बघितलंय कुठे?"

"मी… सांगितलंय थोडंफार."

"थोडंफार म्हणजे काय?"

"हेच, की गाडीत कुणीतरी सारखं बडबडत असतं."

"आणि?"

"आणि… नसलं की करमत नाही, असं." एवढं बोलून तो रस्त्याकडे इतकं लक्ष देऊन बघायला लागायचा, की जणू काही तो रस्ता पळून जाणार होता. ओडेलिया खिडकीकडे तोंड फिरवून हसायची.

पुढे मात्र दोघंही मूग गिळून बसायचे. कारण होत्या या गाड्यांच्या प्रमुख, सार्जंट डेल्फीन ऱ्हुस्का. बाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की एका गाडीत जोडपं चालणार नाही. कुणाचं कुणावर मन बसलं तर बसू द्या, मी हार घेऊन येईन. पण त्या दिवसापासून गाडी वेगळी. आणि ही गाडी सोडायची म्हणजे काय, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. ज्या दारांतून पूर्वी माणसं बेड्या घालून निघायची, त्याच दारांतून आता ती मोजे घालून, बिस्किट खात निघत होती. दोघांच्या जोडीला गाव ओळखायला लागलं होतं. प्रेमाचा एक शब्द बोलायचा आणि हे सगळं घालवायचं? छे!

मग आला एल्मर वीगिल यांचा दिवस.

वीगिल म्हणजे पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताला चैन नसलेले गृहस्थ. मुलीला फोनवर म्हणाले, आता जगण्यात राम नाही, आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. शटर अर्धवट वर होतं. ओडेलिया वाकून आत गेली, उलट्या बादलीवर बसली. कोचेवार शटरच्या अलीकडे उभा राहिला.

वीगिल बोलत होते. आधी तुटक, मग सलग. कारखान्याची भट्टी, हाताखालची पोरं, आता सकाळी उठून करायचं काय… बोलता बोलता त्यांना स्वतःचाच राग आला आणि हातातला पाना त्यांनी भिरकावला. तो लांबच्या भिंतीवर जाऊन आदळला.

"हात वर! मागे सरका!"

कोचेवार एका ढांगेत ओडेलियाच्या पुढे येऊन उभा. त्याचा तो आवाज ओडेलियाने कधीच ऐकला नव्हता. वीगिल यांचा चेहरा पांढराफटक पडला. "जा!" ते ओरडले. "दोघंही चालते व्हा!" दोघं बाहेर आली मात्र, शटर धाडकन खाली आलं आणि आतून कडी लागली.

आत दुखावलेला माणूस, सगळीकडे हत्यारं, आणि मध्ये बंद पत्रा. ती शटरशी तोंड नेऊन बोलत राहिली. वीगिल यांचं नाव घेत राहिली, मी इथेच आहे म्हणत राहिली. आतून हूं नाही की चूं नाही. तिचा घसा कोरडा पडला तेव्हा खांद्यावर हात पडला. तिने वळून बघितलं. कोचेवारचा चेहरा रडवेला झाला होता. तिने मान हलवली आणि गप्प झाली.

तो शटरला पाठ टेकून खाली मातीत बसला.

"मिस्टर वीगिल, मी ओरडलो. चूक माझी आहे. तुम्ही काहीच केलं नव्हतंत."

मग आतून घोगरा आवाज आला, "मग ओरडलास कशाला?"

"घाबरलो."

"तू? तुझ्या कमरेला पिस्तूल आहे की रे!"

"तिला लागेल असं वाटलं… आणि मग डोकंच चाललं नाही."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. वीगिल आतल्या बाजूने शटरला टेकून बसले असावेत.

"बायको आहे का ती तुझी?"

ओडेलियाने मान खाली घातली.

"नाही," कोचेवार म्हणाला.

"सांगितलंस का तिला?"

"नाही… सांगितलं तर गाडी वेगळी होते. मग रोज ती दिसणार नाही."

"आत्ता कुठे आहे ती?"

"इथेच. ऐकतेय."

"अरे गाढवा!" वीगिल म्हणाले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला. "चाळीस वर्षं पोरं हाताखाली काढली, पण असा येडा नाही बघितला. थांब. हललास तर याद राख." कडी निघाली. शटर वर गेलं, आणि पाठीचा टेकू गेल्यामुळे कोचेवार उताणा आत पडला. वीगिल यांनी हात देऊन त्याला उठवलं. नंतर तो हात त्यांनी सोडलाच नाही. तसाच धरून ते गाडीपर्यंत आले, दवाखान्यातही गेले. मुलगी धावत आली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

परत निघताना गाडीत मिरच्यांचा धूर शिरत होता.

"तू त्यांच्याकडे बघत नव्हतास," ओडेलिया म्हणाली. "पाना भिंतीकडे चालला होता, आन्तोन. बघणाऱ्याला ते दिसलं असतं. तू माझ्याकडे बघत होतास."

"हो."

"त्यांनी आत जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असतं म्हणजे?"

"हो. मला माहीत आहे."

"नुसतं हो हो काय करतोस!"

"मग काय बोलू? तिथे शटरपाशी सगळं बोलून झालं. ऐकलंस ना…"

ओडेलियाला खूप राग आला होता आणि खूप आनंद झाला होता, आणि या दोन्हींना एकाच गाडीत जागा नव्हती. ठाण्यापाशी ती उतरली आणि मागे न बघता निघून गेली. रात्रभर तिने स्वतःला एकच गोष्ट विचारली. उद्या तो शेजारी असेल आणि समोर दुसरा कुणी वीगिल असेल, तर आपले तरी डोळे कुणावर असतील? उत्तर तिला मुळीच आवडलं नाही.

सकाळी ती सार्जंट ऱ्हुस्कांच्या खोलीत शिरली, तर कोचेवार आधीच तिथे खुर्चीत बसलेला.

"ये, ये," सार्जंटबाई म्हणाल्या. "याला गाडी सोडायचीय. पाठ दुखते म्हणे. कालचा प्रकार मला सांगितला, चूक कबूल केली आणि वर ही पाठ. तुला कधी बोलला होता का पाठीचं?"

"पाठ ठणठणीत आहे त्याची," ओडेलिया म्हणाली. "त्याला राहू द्या, गाडी मी सोडते. उद्यापासून मला संध्याकाळच्या गाडीवर टाका."

"ओडेलिया—" कोचेवार अर्धवट उठला.

"थांब, मी बोलतेय. मॅडम, माझ्यासारख्या समुपदेशक तुमच्याकडे पाच आहेत. पण चूक झाल्यावर दुसऱ्याच्या दारात मातीत बसून माफी मागणारा पोलीस हा एवढाच. गावाला तो त्या गाडीत हवाय."

"आणि तू का सोडणार? कारण काय लिहू मी?"

"माझं प्रेम आहे त्याच्यावर," ओडेलिया म्हणाली. कान तापले, पण ती बोलून गेली. "तो शेजारी असला की माझंही लक्ष समोरच्या माणसावर राहणार नाही. काल त्याचं गेलं. उद्या माझं जाईल."

सार्जंटबाईंनी चष्मा काढला. "त्याला माहीत आहे का हे?"

"तुमच्या समोर तर बसलाय. आता कळलं असेल."

कोचेवारला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. एवढ्यात रेडिओ बोलायला लागला. नदीपलीकडच्या शाळेच्या बसथांब्यावर एक बाई बाळाला घेऊन रस्त्याच्या मधोमध बसली होती. सार्जंटबाईंनी दुसऱ्या समुपदेशकाला, तामराला, हाक मारली.

"ओडेलिया, मी…" कोचेवार दारात अडखळला. "मला तुला निदान—"

"आज संध्याकाळी घरी ये. मावशीला घेऊन ये. काय बोलायचं ते जेवताना बोल, कितीही वेळ लागू दे, मी ऐकेन." तिने त्याला हलकेच बाहेर ढकललं. "आता जा. आणि हे बघ, मागे वळून बघायचं नाही. त्या बाईकडे बघ, तिच्या बाळाकडे बघ."

ती खिडकीशी गेली. तामरा गाडीत बसली, कोचेवारने टोपी काढून मागे टाकली, गाडी सुरू झाली. ओडेलियाचं मन म्हणत होतं, बघेल, एकदा तरी बघेल. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि नदीच्या रस्त्याला लागली. भोंगा नाही, दिवे नाहीत.

तो वळला नाही. आणि ओडेलिया खिडकीच्या काचेला कपाळ टेकून वेड्यासारखी हसत राहिली, कारण या माणसावर आपला जीव का जडला हे तिला आज नव्याने कळलं होतं.